भोंग्यापुढचे दोन कंस

“पण ज्याला नावच नाही, त्याला बोलवायचं कसं?”

अप्पांनी मान वर केली नाही. मांडीवरच्या सुपातले तांदूळ निवडत राहिले.

“अप्पा, मी विचारतेय.”

“ऐकलं.”

“मग?”

“त्याला बोलवायचं तुला कशाला पडलंय?”

उत्कर्षा मगदूमनं कीबोर्ड बाजूला सारला. राग आला की तिची कानशिलं तापायची. आत्ता तापली होती.

हिरण्यकेशीच्या काठावरचा तो लहानसा मठ. ओवरीत पाच जुने कॉम्प्युटर मांडलेले. अप्पा बावीस वर्षं बंगळुरात वेबपेजं लिहीत होते. एक दिवस सगळं सोडून आले आणि मठ सांभाळू लागले. का आले ते कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दुपारी जो येईल त्याला ते वेबपेजची स्क्रिप्ट लिहायला शिकवत.

उत्कर्षा गडहिंग्लजहून आली होती. कॉलेजात पहिली. अप्पांच्या लिखाणातली एक ओळही खोडता येत नाही असं तिनं ऐकलं होतं. ती शिकायला आली असं सांगायची. खरं तर दाखवायला आली होती.

मठाखाली नदीवर फरशी होती, ठेंगणा, बिनकठड्याचा पूल. अलीकडे मठ आणि शाळा, पलीकडे हिरेवाडी गाव. आंबोलीकडे जोराचा पाऊस झाला की नदी न सांगता चढायची आणि फरशी बुडायची. दुसऱ्या वाटेनं गाव अकरा किलोमीटर.

फरशीच्या खांबावर लाल रेघ मारलेली होती. पाणी रेघेला लागलं की वीस मिनिटांत फरशी पाण्याखाली. एकोणीस वर्षं तिथं इराप्पा नाईक घंटा घेऊन बसायचा. रेघेला पाणी लागलं की घंटा, घंटा झाली की वाट बंद.

जूनमध्ये उत्कर्षानं ग्रामपंचायतीत उभं राहून सांगितलं, माणूस बसवायची गरज नाही. खांबाला सेन्सर लावू. मठातल्या कॉम्प्युटरवर पेज चालू राहील. सेन्सरचा आकडा दोनशे दहावर, म्हणजे पाणी लाल रेघेला आलं की मठाच्या छपरावरचा भोंगा आपोआप वाजेल.

सगळ्यांनी माना डोलावल्या. इराप्पा मठात लाकडं फोडायला लागला.

पाण्यावर नजर ठेवणारा भाग अप्पांनी लिहून दिला. तो दोनच गोष्टी मागायचा. कोणती खूण, आणि खूण आल्यावर काय करायचं. त्या दोन गोष्टी देणारी एक ओळ उत्कर्षानं लिहायची होती. अप्पा म्हणाले होते, काम निनावी लिही आणि देऊन टाक. तिनं ऐकलं नाही. फंक्शन म्हणजे मशीननं करायच्या एका कामाचं गाठोडं, आणि ते निनावी ठेवणं म्हणजे आळशी माणसांचं लिखाण, असं तिचं मत. तिच्या प्रत्येक फंक्शनला बोलवायला चांगलं, ठसठशीत नाव असायचं. याचं नाव तिनं ठेवलं होतं भोंगा.

आज आंबोलीच्या अंगाला सकाळपासून काळं झालं होतं. घड्याळात साडेतीन. पावणेपाचला शाळा सुटणार. एकतीस मुलं फरशीवरून घरी जाणार.

अप्पांनी एक खडा उचलून बाजूला ठेवला.

“पेज उघडताना तू भोंग्याची वायर काढतेस.”

“कुणी सांगितलं?”

“दिसलं.”

“उघडताना तो एकदा वाजतो. सेन्सरचा पहिला आकडा चुकीचा येतो. म्हणून वायर काढायची, पेज सुरू झालं की परत लावायची. एवढंच आहे ते.”

एवढंच नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं पेज उघडलं आणि भोंगा कोकलला. नदी तळाला होती, ऊन पडलं होतं. धुणं धुणाऱ्या बायका जिवाच्या आकांतानं पळाल्या. गंगव्वा नावाची म्हातारी पायरीवर पडली आणि तिचं मनगट मोडलं. उत्कर्षानं गावाला सांगितलं, सेन्सर खराब आहे. दुसरा सेन्सर आणला. तोही तसाच. तेव्हापासून वायर.

“सकाळी मी सेन्सर काढून वर आणला,” अप्पा म्हणाले. “भोंग्याच्या जागी बल्ब लावला. सेन्सर न जोडताच पेज उघडलं.”

“मग?”

“बल्ब लागला.”

उत्कर्षानं स्क्रीनकडे बघितलं. सेन्सरच नाही, तर चुकीचा आकडा आला कुठून?

“मग सेन्सर जोडला. बादलीत उभा करून पाणी ओतत गेलो. दोनशे दहापर्यंत.”

“आणि?”

“नाही लागला.”

जून संपला होता, जुलै संपला होता. नदी एकदाही रेघेपर्यंत आली नव्हती, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. रोज एकतीस मुलं त्या भोंग्याच्या भरवशावर फरशी ओलांडत होती.

“तुम्हाला सकाळपासून माहीत आहे,” ती म्हणाली. “आणि तुम्ही गप्प बसलात.”

“तू सकाळपासून बोलत होतीस.”

“अप्पा, मुलं आहेत.”

“म्हणून इराप्पा सकाळपासून खाली बसलाय. घंटा घेऊन.” त्यांनी सूप खाली ठेवलं. “सेन्सर परत खांबाला लावलाय, भोंगाही जोडलाय. आता तुझी ओळ बघ.”

तिनं ओळ उघडली. पुन्हा पुन्हा वाचली. आकडा तपासला, नाव तपासलं, स्वल्पविराम तपासला.

“ओळ बरोबर आहे.”

“मोठ्यानं वाच.”

“पाणी दोनशे दहाला लागलं की भोंगा साठ सेकंद वाजव.”

“तसं लिहिलंय?”

“तसंच लिहिलंय. आधी खूण, दोनशे दहा. मग भोंगा. भोंग्यापुढे दोन कंस, कंसात साठ.”

“मग वाजत का नाही?”

ती त्या ओळीपाशी अडकली. कॉलेजात असं कधी झालं नव्हतं. खाली नदीचा आवाज सकाळपेक्षा जड झाला होता, की तिला तसं वाटत होतं, हेही तिला ठरवता येईना.

“तुम्हाला दिसतंय कुठं चुकलंय ते,” ती म्हणाली. “तुम्ही दुरुस्त करा. माझं काही म्हणणं नाही.”

“माझं आहे.”

त्यांनी दाराकडे बोट केलं.

“खाली जा,” अप्पा म्हणाले. “इराप्पाला सांग, पाणी लाल रेघेला लागलं की घंटा वाजव. सांग आणि परत ये. दुसरं काही करू नकोस.”

“त्याला हे सांगायला हवं? एकोणीस वर्षं तेच केलंय त्यानं.”

“तुला सांगता येतं का बघू.”

ती चप्पल घालून निघाली. मठाच्या पायऱ्या ओल्या होत्या. वरून पाऊस नव्हता, तरी वारा गार झाला होता.

फरशीच्या तोंडाशी लाकडी खांबाला पितळी घंटा टांगलेली, तिचा दोर इराप्पाच्या गुडघ्यावर. तो उठून उभा राहिला. तिनं त्याचं काम काढून घेतल्यापासून ती दोघं एकमेकांशी बोलली नव्हती.

“इराप्पा, पाणी लाल रेघेला लागलं की घंटा वाजवा.”

“व्हय.”

झालं. आता परत जायचं होतं.

ती तिथंच उभी राहिली. नदी गढूळ झाली होती. फेस वाहत येत होता, एक अख्खी फांदी पाण्यातून गेली. लाल रेघ पाण्याच्या वर वीतभर. ती बघत राहिली. वीतभराची चार बोटं झाली.

“तुमी जावा, ताईसाब. मी हाय,” इराप्पा म्हणाला.

“हो.”

ती गेली नाही.

पलीकडच्या उतारावरून एक मोटारसायकल खाली आली. पुढं माणूस, मागं त्याची बायको, बायकोच्या मांडीवर टोपली. गाडी फरशीवर चढली. फेसाची एक लाट खांबावर आपटली आणि क्षणभर लाल रेघ उत्कर्षाला दिसेनाशी झाली.

तिनं इराप्पाच्या हातातला दोर ओढून घेतला आणि घंटा वाजवली. एकदा नाही. हात दुखेपर्यंत.

मोटारसायकल फरशीच्या मध्यावर थांबली. माणसानं वाकून खांबाकडे बघितलं. लाट ओसरली होती. रेघ कोरडी होती, पाण्याच्या चार बोटं वर. मग त्यानं घंटेकडे बघितलं आणि दोर कुणाच्या हातात आहे ते त्याला दिसलं. तो तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला, गाडी सुरू केली आणि तिच्या शेजारून वर निघून गेला.

पलीकडे घाटाच्या पायऱ्यांवर सात-आठ बायका धावत आल्या होत्या. त्यांनीही बघितलं.

“मठातली ती पोरगी हाय,” त्यातली एक म्हणाली. पाण्यावरून शब्द स्पष्ट आले. “त्या दिवशीवानीच.”

बायका माघारी वळल्या. एकीनं वळताना कपाळावर हात मारला.

उत्कर्षा दोर धरून उभी होती. इराप्पा रागावला नाही. आवाज न चढवता त्यानं विचारलं, “मला काय सांगितलासा, ताईसाब?”

“पाणी रेघेला लागलं की वाजवा.”

“लागलं हुतं?”

“...नाही.”

“आता खरंच लागंल. तवा मी वाजवीन. तवा ऐकनार कोन?”

“मी तुम्हाला काम द्यायलाच आले होते,” ती म्हणाली.

“दिला न्हाईसा.” इराप्पानं आपले दोन्ही तळवे तिच्यापुढं उघडे केले. “सांगतासांगता तुमीच वाजवून मोकळ्या झालासा. माझ्या हातात काय बी आलं न्हाई.”

तिनं त्या तळव्यांकडे बघितलं. लाकडं फोडून फोडून घट्टे पडलेले, रिकामे.

आणि तिला तिची ओळ दिसली. भोंगा, त्यापुढे दोन कंस, कंसात साठ.

कंस दिले की काम सांगितलं जात नाही, त्याच जागी उरकलं जातं. हे तिला कॉलेजच्या पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं. परीक्षेत लिहून तिनं मार्क घेतले होते. मशीन ओळ वाचायला घेतं, कंस दिसले की थांबतं आणि आधी भोंगा वाजवून येतं. वाजवून झाल्यावर त्यातून जे उरतं ते पाण्यावर नजर ठेवणाऱ्या भागाच्या हवाली करतं. वाजवून झाल्यावर उरत काहीच नाही. म्हणून पेज उघडलं की भोंगा वाजत होता. म्हणून पाणी दोनशे दहावर आलं तरी गप्प होता. पाण्याच्या हातात तिनं कधी काही दिलंच नव्हतं.

कंस काढून नुसतं नाव दिलं असतं तर चाललं असतं. पण मग साठ सेकंद कुठं सांगायचं? साठ सांगायचं तर कंस हवेत, आणि कंस दिले की भोंगा वाजून मोकळा. तेवढ्यासाठी अप्पा म्हणत होते, सगळं काम एका निनावी फंक्शनमध्ये घाल आणि न उघडता दे.

तिनं दोर इराप्पाच्या हातात ठेवला.

“पाणी रेघेला लागलं की वाजवा,” ती म्हणाली. “मी जाते.”

“व्हय.”

ती वळली. पाठीमागं नदी होती आणि रेघ चार बोटांवर होती, की आता तीन, ते तिला दिसत नव्हतं. पहिल्या पायरीवर तिला मागं बघावंसं वाटलं. सातव्या पायरीवर फार वाटलं. तिनं बघितलं नाही. एवढ्या साध्या गोष्टीला इतकं बळ लागतं हे तिला नवीन होतं.

ओवरीत अप्पा तसेच बसले होते. तांदूळ निवडून झाले होते.

तिनं ओळ खोडली. दोनशे दहा लिहिलं. पुढे लिहिलं, फंक्शन. फंक्शन या शब्दाच्या पुढे नावाची जागा असते. तिथं कर्सर लुकलुकत राहिला. तिची बोटं सवयीनं नाव शोधत होती. इशारा. पूरसूचना. चांगली चांगली नावं सुचत होती.

तिनं जागा रिकामी सोडली. रिकामे कंस. मग महिरपी कंस, आणि त्यांच्या आत, भोंगा, साठ. महिरप बंद केली.

वायर काढायला तिचा हात भिंतीकडे गेला.

अप्पा बघत होते.

तिनं हात मागं घेतला. वायर लागलेलीच ठेवून पेज उघडलं आणि डोळे मिटून घेतले.

काही झालं नाही. छपरावर पारवे घुमत होते तेवढेच.

“वाजला नाही,” ती म्हणाली.

“कधी वाजायला हवा?”

“पाणी लागल्यावर.”

“लागलंय?”

“...माहीत नाही.” स्क्रीनवर आकडा होता, दोनशे तीन. पुढचा आकडा एका मिनिटानं येणार होता. “अप्पा, तपासायचं कसं? सेन्सर तर नदीत आहे.”

“नदी तपासेल.”

“आणि माझं परत चुकलं असलं तर?”

“इराप्पा आहे.”

“आणि इराप्पाचं गावानं ऐकलं नाही तर? मी मघाशी...” तिनं घडलेलं सगळं सांगितलं. मोटारसायकल, बायका, कपाळावर मारलेला हात. काही लपवलं नाही. सेन्सर खराब नव्हता, दोन्ही सेन्सर चांगले होते, हेही सांगितलं. “गंगव्वाचं मनगट माझ्यामुळं मोडलं. मी गावाशी खोटं बोलले.”

अप्पा ऐकत होते.

“उद्या तिच्या घरी जाईन,” ती म्हणाली.

“जा.”

दोनशे पाच.

“शाळेत जाऊन सांगून येऊ? मुलं सोडू नका म्हणून?”

“मास्तरांना सकाळीच सांगून आलोय. भोंगा नाहीतर घंटा, काहीही वाजलं तरी मुलं आवारातच ठेवायची. तू सकाळपासून जेवली नाहीस.”

“मला भूक नाही.”

“चल.”

“अप्पा, आत्ता मी इथून उठू शकत नाही. निदान दोनशे दहा होईपर्यंत तरी बसू द्या.”

“बसून काय करशील?”

“बघेन.”

“बघून?”

ती उठली. स्क्रीन तशीच उघडी राहिली. दारातून बाहेर पडताना आकडा बदलला आणि तिनं तो वाचला नाही.

मठाच्या पडवीत शेवटची पंगत बसायची होती. तीन-चार माणसं होती, आचारी होता. भात, आमटी, शेंगदाण्याची चटणी. ती खिडकीशी बसली. तिथून शाळेचं आवार दिसत होतं, फरशी दिसत नव्हती.

अप्पा तिच्यासमोर बसले. आचाऱ्यानं भात वाढला.

तिनं घास कालवला. हातातच राहिला.

शाळेची घंटा झाली. मुलं आवारात सांडली, दप्तरं पाठीवर टाकू लागली. मास्तर फाटकाशी येऊन उभे राहिले, नदीकडे बघत. फाटक उघडलं. पहिल्या दोन मुली बाहेर पडल्या, त्यांच्या मागं आणखी पाच-सहा. मास्तरांनी कान देऊन ऐकलं. घंटा नव्हती, भोंगा नव्हता. त्यांनी बाकीच्यांनाही हातानं पुढं सोडलं.

“अप्पा...”

“जेव.”

मुली उताराला लागल्या. त्यातल्या एकीच्या चपलेचा अंगठा तुटला होता, ती पाय ओढत चालली होती. उत्कर्षाला तिचं नाव माहीत नव्हतं. तिनं घास तोंडात घातला. चव लागली नाही. चावला, गिळला.

दुसरा घास.

छपरावरचे पारवे एकदम उडाले.

भोंगा वाजला. पहिला सूर खरखरीत, मग मोठा, नदीच्या दोन्ही काठांवर पसरत गेला. पडवीतली माणसं बोलायची थांबली. मास्तर हात पसरून उताराकडे धावले. मुलं जागच्या जागी थबकली, वळली, परत फाटकाकडे पळत सुटली. मास्तर मोजू लागले. दहा. सतरा. पाय ओढणारी सगळ्यांत शेवटी आली. तिला आत घेऊन त्यांनी फाटक लावलं.

पाठोपाठ खालून घंटा ऐकू आली. एकसारखी, न घाई करता. इराप्पाची.

आणि पलीकडून, गावाच्या बाजूनं, माणसांचे आवाज. लांब, पण कळत होते. मागं फिरा. पोरं हितं न्हाईत, तिकडंच ऱ्हाऊ द्या. कुणीतरी बैल वळवत होतं.

गाव ऐकत होतं.

उत्कर्षा ताटावरून उठली होती. हात खरकटा, एक पाय पडवीच्या पायरीवर. ओवरीकडे जायचं, स्क्रीन बघायची, साठ सेकंद पुरे होतात की नाही ते मोजायचं, मग खाली जायचं, रेघ बघायची. भोंगा अजून वाजत होता.

अप्पांनी आमटीचं भांडं तिच्या पानाकडे सरकवलं.

“बस,” ते म्हणाले. “तो तुला बोलवत नाही.”